मास्तरीणबाईंची झोप

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. आवाज असा की गाडीला हॉर्न नसता तरी चाललं असतं, आणि देहही त्या आवाजाला शोभेसा. शेजारची सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवायची, आपल्या बाजूचा जादा ब्रेक पायाला लागतो ना ते बघायचं आणि शिकाऊ माणसाला सांगायचं, "घाबरायचं काम माझं. तुम्ही फक्त चालवा."

अलीकडे मात्र त्यांना दिवसाढवळ्या पेंग यायची. सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. कामाचा शीण आहे, असं त्या ठणकावून सांगत. नवरा स्कूलचं ऑफिस सांभाळायचा. मितभाषी माणूस. बायकोच्या घोरण्याची त्याला सवय होती. धास्ती वाटायची ती घोरणं मध्येच बंद पडण्याची. श्वास अडकायचा, मग एकदम आचका देऊन सुरू व्हायचा. त्याने हे सांगून पाहिलं.

"तुम्ही झोपा की! माझ्या नाकावर पहारा कशाला?" बाईंनी उडवून लावलं.

एका सकाळी गाडी शिकायला एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, फार आज्ञाधारक. सर्कलला वळसा घालताना त्यांनी विचारलं, "आता कुठे वळू?" उत्तर नाही. विचारल्याशिवाय वळायचं नाही, ही शिकवण पक्की. त्यामुळे त्या सर्कलला फेऱ्याच घालत राहिल्या. मागच्या गाड्या कोकलायला लागल्या, तेव्हा त्यांनी कशीबशी मान वळवली. मास्तरीणबाईंची हनुवटी छातीवर टेकली होती. शिक्षिकांनी धीर करून गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि बाईंचा खांदा हलवला. बाईंनी दचकून ब्रेक करकचून दाबला. गाडी तर केव्हाच उभी होती.

"मी झोपले होते?"

"गाढ," शिक्षिका म्हणाल्या.

बाईंना एरवी कशावरही विनोद सुचायचा. त्या दिवशी नाही सुचला. त्यांनी नवऱ्याला फोन लावला. "गाडी घेऊन जायला या. मी आता शिकवणार नाही आणि चालवणारही नाही. आधी हे काय आहे ते बघायचं."

अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "झोप लागली की तुमचा घसा मिटतो, श्वास थांबतो. मग शरीर तुम्हाला अर्धवट जागं करतं. पुन्हा पुन्हा हेच. बाई, तुम्ही झोपताच कुठे?"

घरी मशीन आलं. नाकावर मास्क लावायचा. नळीतून दाबाने हवा येते आणि घशाची वाट उघडी ठेवते. बाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण नाक सदा चोंदलेलं, दाब जोराचा, मास्कच्या कडेने हवा फुसफुसायची. सकाळी मास्क पलंगाखाली सापडायचा.

तेव्हा डॉक्टरांनी त्यांना घशाच्या सर्जनबाईंकडे पाठवलं. त्यांनी नाकात, घशात नीट पाहिलं. "नाकातला पडदा वाकडा आहे आणि टॉन्सिल चांगलेच मोठे. ऑपरेशन करू. पण मशीन सुटेल अशी हमी मी देत नाही. वाट मोकळी झाली की दाब कमी लागेल, असा अंदाज आहे. मग मशीन सोसेल."

"म्हणजे रस्ता रुंद करायचा, पण गाडी तीच," बाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर."

सोबत आलेल्या जाऊबाईंना ते पटेना. "अहो, वजन उतरलं की सगळं जाईल. कापाकापी कशाला?"

"वजन उतरवायचंच आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "पण त्याला वेळ लागतो. तोवर यांनी श्वास कशाने घ्यायचा?"

मास्तरीणबाईंनी तिथल्या तिथे होकार दिला.

ऑपरेशननंतर घसा असा ठणकला की पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. बोलायची बंदी. बाई हातवारे करून घर चालवू लागल्या.

"घर किती शांत झालंय," नवरा म्हणाला. थोड्या वेळाने त्यानेच कबूल केलं, "करमत नाही पण."

जखम भरली तशी मशीन लावून झोपेची तपासणी पुन्हा झाली आणि दाब बराच खाली आला. आता मास्क सकाळीही जागेवरच असायचा. एक दिवस बाई उठल्या आणि बसूनच राहिल्या. डोकं हलकं होतं. "अहो, झोप म्हणतात ती ही होय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. त्याचीही झोप कधी नव्हे ती पुरी झाली होती.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच त्या शिकाऊ गाडीत बसल्या. दिवसा पेंग येईनाशी झाली, तशी चालायची ताकदही आली. बसस्टॉपपर्यंत जाताना धापा टाकणाऱ्या बाई बाजारापर्यंत पायी जाऊ लागल्या. वजन हट्टी होतं, पण हलायला लागलं होतं.

मग त्या लेकीच्या सासरी राहायला गेल्या, मशीनची बॅग काखेत घेऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी आडवं व्हायची वेळ झाली, तेव्हा लेक कानाशी कुजबुजली, "आई, आतल्या खोलीत लाव हं. उगाच सगळे बघतील."

"बघू देत की," म्हणत बाईंनी बाहेरच्याच खोलीत मास्क चढवला.

विहीणबाई कुतूहलाने जवळ आल्या. "त्रास नाही होत हो?"

बाईंनी मास्क जरा वर उचलला. "चष्म्याचा होतो का? तसंच हे. आणि तुमच्या मुलालाही एकदा दाखवून आणा. काल टीव्हीसमोर घोरत होता, मी ऐकलंय."

जावयाने घाईघाईने पेपर तोंडासमोर धरला. बाईंनी पट्टा घट्ट केला, कुशीवर वळल्या आणि मशीन सुरू केलं.