‘अडवली’साठी सौम्य शब्द

अश्विन हल्ली चहा अर्धाच पितो. ‘नाही’ म्हणत नाही, ‘पाहू या’ म्हणतो. आईशी बोलतानाही दोन्ही हात टेबलावर ठेवतो. टेबल नसेल तर गुडघ्यांवर.

दासगावजवळच्या आमच्या वाडीतला हा माझा मित्र. त्याला दिल्लीची फेलोशिप मिळाली. परराष्ट्र सेवेत जाऊ पाहणाऱ्या पदवीधरांना तिथे वर्षभर तयार करतात. काय तयार करतात, ते मी त्याच्या सुट्टीत पाहिलं.

वाडीच्या विहिरीची वाट एका बागायतदाराने तारा ठोकून अडवली होती. बायका दोन किलोमीटरचा वळसा घालत होत्या. तहसीलदारांना अर्ज मी लिहितो म्हटलं, पण वाडीला दिल्लीचं अक्षर हवं होतं. अश्विनने लिहिलं, ‘वाटेबाबत काही मतभेद उद्भवले आहेत.’

चंपाकाकूने हंडा खाली ठेवला. "मतभेद कसले रे? वाट अडवलीन हाय, तसं लिही."

"काकू, समोरच्याचीही बाजू असते."

"हाय ना. तारेच्या आतली."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. शाळेत गुरुजींना तोंडावर ‘हे खोटं आहे’ म्हणणारा हाच.

अश्विनने ‘मतभेद’च्या पुढचं सगळं खोडलं, मग ‘मतभेद’ही खोडला. "योग्य शब्द कळवतो," म्हणाला आणि रविवारी दिल्लीला गेला. अर्ज काकूच्या फळीवर आहे. त्यात ‘वाटेबाबत काही’ एवढंच आहे.