फुकटचा कढीपत्ता

लग्नानंतर मी तमिळ मुलखात, अड्यारला सासरी राहायला आलो आणि वर्षभर पाहुणाच राहिलो. सासूबाई तंजावरकडच्या मराठी. मला सगळ्यांच्या आधी जेवायला बसवायच्या, ताट उचलू द्यायच्या नाहीत. त्या मानपानाने मी जेरीस आलो होतो. मला घरचा व्हायचं होतं. म्हणून एका रविवारी त्यांच्या बहिणी सांबाराला येणार होत्या, तेव्हा भाजी आणायचं काम मी हट्टाने मागून घेतलं.

मी तांबरमच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. त्याच आठवड्यात घसा फोडून सांगितलं होतं, की संस्थात्मक अर्थशास्त्रज्ञांच्या मते घासाघीस ही नुसती दोन माणसांची आणि एका किमतीची गोष्ट नसते. दोघांच्या मागे कायदा, रूढी, जुन्या सवयी उभ्या असतात. मुलांनी ते लिहून घेतलं. मी विसरलो.

भाजीवालीसमोर मी माझं सगळं तमिळ पणाला लावलं. ‘एव्वळवु?’ म्हणजे केवढ्याला, मग ‘जास्ती!’ ‘कम्मी पण्णुंगा!’ वांगी, शेवगा, छोटे कांदे, सगळ्यांचा भाव पाडला. बाईने भाजी तोलून पिशवीत टाकली. मी छाती काढून घरी आलो.

सासूबाईंनी पिशवी ओट्यावर उपडी केली. ‘‘कढीपत्ता कोठें?’’

‘‘तो तुम्ही सांगितला नव्हता.’’

‘‘तो सांगाचा नसतो. तीच देते.’’

इथे भाजीवर वरून मूठभर कढीपत्ता मिळतो, त्याला कोसुरु म्हणतात. पण भाव इतका रगडल्यावर कोण देणार? आणि कढीपत्त्याशिवाय सांबार या घरात पानात पडत नाही.

मी धावत परत गेलो. कढीपत्ता विकत मागितला.

‘‘अदु विक्किरदु इल्लै, सार.’’ तो विकत नाहीत म्हणे! मी वाटेल ते पैसे देऊ केले. तिच्या अंबाड्यातला गजराच मागितल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. शेवटी मी मुकाट्याने, ती म्हणेल त्या भावाने, किलोभर भोपळा घेतला. तिने त्यावर कढीपत्त्याची अख्खी फांदी ठेवली.

सासूबाईंनी ही हकीकत बहिणींना रंगवून सांगितली. मावशा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग सासूबाई पहिल्यांदाच मला म्हणाल्या, ‘‘आधी सगळ्यांला वाढा.’’

मी वाढलं. सगळ्यांच्या शेवटी बसलो. सांबार जवळजवळ संपलं होतं, तळाची कढीपत्त्याची दोन पानं तेवढी माझ्या वाट्याला आली. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. जेवण झाल्यावर माझं ताट मीच उचललं, आणि कोणी अडवलं नाही.