भागूआत्याचा चेहरा केवढा छापायचा?

मागच्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास उमरग्याच्या बसस्टँडवर माझी आत्या हरवली. मी पाण्याची बाटली घ्यायला गेले, फार तर तीन-चार मिनिटं. परत आले तर बाक रिकामा... आत्या नाही, तिची पिशवीही नाही.

भागूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, लिहिता-वाचताही येत नाही. नळदुर्गजवळच्या गावी वडिलांकडेच असते. डोळे दाखवायला दोन दिवस माझ्याकडे उमरग्याला आली होती, त्या दिवशी तिला परत गावी सोडायला निघाले होते, आणि माझं घर कुठं आहे हे तिला कुणालाच सांगता येणार नव्हतं.

स्टँडच्या बाहेर पडलं की हायवे. ट्रकमागून ट्रक चालू असतात. तिला हॉर्न ऐकू येत नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात फिरत होतं...

पोलिसांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोटो मागितला. मी मोबाईल चाळत राहिले. माझ्या पोरांचे, सणांचे, जेवणाच्या ताटांचे हजारो फोटो... आत्याचा एकटीचा एकही नाही. पर्समधल्या तिच्या आधारच्या झेरॉक्सवर तर चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग होता.

शेवटी फॅमिली ग्रुपवर धाकट्या भावाच्या लग्नातला एक फोटो सापडला. तीसेक माणसं, मागच्या रांगेत आत्या. बोटांनी ताणून तिचा चेहरा मोठा केला, स्क्रीनशॉट काढला आणि झेरॉक्सच्या दुकानातून ए-फोरचं पान भरेल एवढ्या मोठ्या प्रिंट मारल्या. जेवढा मोठा तेवढा लांबून दिसेल, असं वाटलं.

खाली माझा नंबर लिहून खांबाखांबावर कागद चिकटवले. नाक कुठं, डोळे कुठं, कळत नव्हतं. नुसते चौकोन. मला ते दिसत होतं, पण थांबायला वेळ नव्हता...

तासाभरात फोन आला. आत्यासारखंच हिरवं लुगडं नेसलेली म्हातारी नळदुर्गला एका ढाब्यावर बसलीय म्हणे. माझे मिस्टर गाडी घेऊन धावले. ती कुणी दुसरीच बाई निघाली. दोन तास गेले.

मग मी स्टँडजवळच्या महबूबभाईंच्या स्टुडिओत शिरले. म्हटलं, याचा मोठा फ्लेक्स करून द्या, गेटवर लावते. त्यांनी कागद हातात घेतला आणि मान हलवली.

"ताई, कागद मोठा केला म्हणून चेहरा साफ होत नसतो. ठिपके तेवढेच राहतात, फक्त फुगतात. कॅमेऱ्यातला असली फोटो कुणाकडे आहे?"

तो पुण्याला भावाकडे होता. महबूबभाईंनी माझ्याच फोनवरून त्याला समजावलं... नेहमीसारखा पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सॲप त्याला दाबून बारीक करतं. भावाला लॅपटॉप शोधायला वीस मिनिटं लागली. मग डाउनलोडचा तो गोल फिरत राहिला. एवढा वेळ मी कधी कुठल्या गोलाकडे बघितलं नसेल.

फोटो उघडला. महबूबभाईंनी मागच्या रांगेवर झूम केलं, आणि स्क्रीनवर आत्या आली. कपाळावरचं गोंदण, उजव्या भुवईवरचा पांढरा वण, पुढचा किंचित तुटलेला दात... सगळं. मला तिथंच रडू फुटलं.

तरी त्यांनी मोठी प्रिंट काढली नाहीच. एवढ्या माणसांत आत्याचा चेहरा जेमतेम पासपोर्ट फोटोपुरता आहे, त्याहून मोठा केला की पुन्हा फुटणार, म्हणाले. एवढासा फोटो कोण बघणार, म्हणून मी चिडले. आवाज चढलाच माझा.

ते शांतपणे कात्री चालवत राहिले. "टांगायला नाही देत हा. एकेकाच्या हातात द्या."

एका शीटवर आठ, अशा पाच शीट कापल्या. मी परत स्टँडवर गेले आणि येईल त्या बसच्या दारात उभी राहिले. ड्रायव्हर, कंडक्टर, पेरूवाल्या... ज्याच्या त्याच्या तळहातावर आत्याला ठेवत गेले.

चार वाजत आले असतील. मुरूमची बस लागली. कंडक्टरनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि त्याचा चेहराच बदलला.

"ही? व्हय... ही सकाळी माझ्याच गाडीत होती. कुठं जायचंय विचारलं तर बोलंना. मला वाटलं कानडी हाय, मराठी कळत न्हाय. मुरूमला च्याच्या गाड्यावरच्या बाईपाशी बसवली तिला."

बसची पाटी तिला वाचता येत नाही, समोर लागलेली गाडी आपलीच समजून चढली असणार. मी खांबावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. दुपारपासून तो त्याच्यासमोरच होता. त्यानं एकदा तिकडं बघितलं, एकदा हातातल्या फोटोकडे. "ह्ये तोंड तिचं न्हाय वाटलं, ताई. दोन बाऱ्या इथनंच गेलो मी."

मुरूमपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. आत्या चहाच्या गाड्यामागं पोत्यावर बसली होती, हातात बिस्किटाचा पुडा तसाच. मला बघून आधी तिनं माझ्या दंडावर जोरात चापट मारली... मग मनगट धरलं. घरी पोचेपर्यंत सोडलं नाही. त्या चहावालीनं दिवसभर तिला उन्हात येऊ दिलं नव्हतं.

रविवारी तिला महबूबभाईंकडे घेऊन गेले. त्यांनी स्टुलावर बसवलं, लाइट लावले. आत्या सरकून स्टुलाच्या कडेला गेली आणि बाजूची जागा हातानं थोपटून मला बोलवायला लागली. फोटोत आणखी कुणीतरी असतंच, असंच तिला माहीत. महबूबभाईंनी तिला खुणेनं मधे यायला सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

महबूबभाई, ते कंडक्टरदादा आणि मुरूमची ती माउली... तुमचं मी काय देणं लागते, मला सांगता येत नाही. आणि ही पोस्ट वाचणाऱ्यांनो, घरात जे माणूस बोलत नाही, मागत नाही, त्याचा एकट्याचा एक नीट फोटो आजच काढा. ग्रुपवर टाकून विसरू नका, मूळ फाइल जपून ठेवा.