थंड ठेवा, गोठू देऊ नका

वसंत गोविंद तायडे यांचे गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकोल्यात हृदयविकाराने निधन झाले. त्यांनी पन्नाशी गाठली नव्हती. बातमी अमरावतीत आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत ट्रंक कॉलने दुपारी आली. फोनवर ते ज्या घाऊक औषध दुकानात काम करत, त्याचे मालक होते. या मालकांना सारे जण शेठजी म्हणत. त्यांनी एवढेच सांगितले, की तायडे गेले, आणि मोर्शीला बोंडे गुरुजींकडे निरोप पोचवा. 

वसंतराव मूळचे भातकुलीकडचे. वडील अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. छप्पन सालानंतर कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा वसंतरावांचे औषधनिर्माणाचे शिक्षण पूर्ण झाले होते आणि नोकरीचा शोध चालू होता. आमचा परिचय त्याआधीचा, अमरावतीच्या कॉलेजातला. वर्गात ते फारसे बोलत नसत, पण खानावळीतल्या वरणात किती पाणी आहे याचा अंदाज ते डोळे मिटून सांगत आणि स्वयंपाक्याला तो मान्य करावा लागे. पुढे शेठजींच्या दुकानाचा परवाना त्यांच्या नावावर निघाला. दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक औषधाला कायद्याने ते जबाबदार होते.

त्या काळी अकोल्याहून बाहेरगावी जाणाऱ्या औषधांत सर्वांत अवघड होती ती थंडाव्यात ठेवायची. सर्पदंशाची लस, धनुर्वाताची लस, इन्सुलिन. दुकानात फ्रिज होता. प्रश्न दुकानाबाहेर सुरू होई. नियम स्पष्ट होता: औषध थंड राहिले पाहिजे, पण गोठता कामा नये. वऱ्हाडात मे महिन्यात एसटीच्या टपाखाली हा नियम पाळायचा कसा, हे नियमात लिहिलेले नव्हते. वसंतरावांनी स्वतःची पद्धत बसवली. लाकडी खोका, त्याला आतून जिनिंगमधून आणलेल्या रुईचा जाड थर. मध्ये घट्ट झाकणाचा बर्फाचा डबा आणि त्याच्या शेजारी, रुई आणि मेणकापड मध्ये घालून, औषधाचा लहान डबा. रुई वडील आणून देत. ती दाबून बसवायची नाही, पिंजून सैल ठेवायची, हे वडिलांनीच त्यांना दाखवले होते. खोका सकाळच्या गाडीत कंडक्टरच्या हवाली होई आणि घेणारा माणूस आपल्या गावच्या स्टँडवर उभा राही.

मोर्शीच्या स्टँडवर बोंडे गुरुजी उभे राहत. ते प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांच्या मुलीला, शकुंतलेला, अकराव्या वर्षी मधुमेह असल्याचे निदान झाले होते. रोज इन्सुलिन टोचावे लागे. मोर्शीत ते मिळत नव्हते आणि अमरावतीत मिळेलच याची खात्री नव्हती. अकोल्याचा खोका चुकला, तर मुलीची सुई चुकत होती. हे गुरुजींना माहीत होते, वसंतरावांनाही माहीत होते. गुरुजी त्यांना तायडेसाहेब म्हणत.

महाराष्ट्र झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला एक उन्हाळा. मे महिन्यात एक खोका मोर्शीला पोचला, तेव्हा बर्फाच्या डब्यात कोमट पाणी होते. औषध वाया गेले नाही, पण वसंतरावांची झोप गेली. दुकानासमोर रहीमचाचा कुल्फीची गाडी लावत. त्यांनी सल्ला दिला, तोही थट्टेत. बर्फात खडेमीठ टाका तायडेसाहेब, माही कुल्फी पाहा, उन्हात उभी हाय अन् सायंकाळपर्यंत हालत नाई. वसंतरावांनी तो सल्ला तसाच उचलला नाही. मीठ घातले की बर्फ अधिक गार होतो, हे त्यांना शिक्षणातून माहीत होते आणि गोठण्याचा धोकाही माहीत होता. त्यांनी मीठ घालून खोका बांधला, आत थर्मामीटर ठेवला आणि तो दुपारभर गल्ल्याशेजारी ठेवून दिला. पारा जिथे हवा तिथे राहिला. मग त्यांनी मोर्शीचा खोका त्याच रीतीने पाठवला.

गल्ल्याशेजारी खोका सरळ उभा होता. गाडीत तो आडवा झाला. कंडक्टर गुलाबराव यांनी ऊन लागू नये म्हणून तो काळजीने सीटखाली सरकवला होता आणि तिथे तो उभा मावत नव्हता. डब्याच्या झाकणातून खारे पाणी झिरपले, रुई भिजली. भिजलेली रुई थंडी अडवत नाही.

दोन-तीन दिवसांनी गुलाबराव दुकानापुढे चहा पीत उभे होते. त्यांनी हसत सांगितले, की गुरुजी लई खूश होते. "औषध म्हने कुल्फीवानी थिजून आलं. तुमी आता गाडीच लावा रहीमचाचाच्या बाजूले."

वसंतरावांनी विचारले, मग गुरुजींनी काय केले. हातात धरून गरम केलं, हलवलं, झालं पातळ, असे गुलाबरावांनी सांगितले. पुढचे आम्हाला शेठजींकडून कळले. वसंतराव आत आले, फ्रिज उघडला आणि इन्सुलिनची शिल्लक असलेली बाटली थर्मासमध्ये ठेवू लागले. ती अकोल्यातल्या एका बड्या कापूस व्यापाऱ्यासाठी राखलेली होती. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले, तरी त्याच्या ताकदीचा भरवसा राहत नाही, हे शेठजींनाही ठाऊक होते. तरी त्यांनी हात आडवा धरला.

"हलवल्यावर इरघळलं न्? मंग कोनाले समजते, तायडे?"

"तिच्या रक्ताले समजन, शेठजी."

शेठजींनी हात काढला. दुपारची गाडी मिळाली. थर्मास वसंतरावांनी अमरावतीपर्यंत आणि पुढे मोर्शीपर्यंत मांडीवर उभा धरला होता, असे त्याच गाडीतून आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले.

ते पोचले तेव्हा दिवस मावळायचा होता. शकुंतला खाटेवर पडून होती, श्वास खोल चालला होता आणि ती सारखे पाणी मागत होती. घरच्यांना वाटले ऊन लागले. आजी तिच्या तळपायांना कांदा चोळत होती. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना मात्र तासाभरापूर्वीच शंका आली होती. त्यांनी लघवी तपासली होती, परीक्षानळीतला रंग विटकरी झाला होता, म्हणजे साखर भरपूर होती. त्यांच्याकडे इन्सुलिन नव्हते, म्हणून मुलीला अमरावतीला हलवण्यासाठी ते जीप मिळवण्याच्या खटपटीत होते. थर्मास उघडल्यावर त्यांनी आधी लेबल वाचले, मग सुई भरली. जीप आली तेव्हा मुलगी शुद्धीवर होती. अमरावतीच्या दवाखान्यात ती आठवडाभर राहिली आणि बरी होऊन घरी गेली.

जीप येण्यापूर्वी अंगणात जे बोलणे झाले, ते गुरुजींनी वसंतरावांच्या मृत्यूनंतर प्रथमच सांगितले. वसंतराव त्यांना म्हणाले, "गुरुजी, बर्फात मीठ मी टाकलं. चूक माही आहे."

गुरुजी म्हणाले, "आमी तं तुमच्या भरवशावर सुई टोचत होतो, तायडे."

साहेब हा शब्द त्यांनी वापरला नाही. जीप आली तेव्हा वसंतराव तिच्यात मुलीच्या पायाशी बसले.

अकोल्याला परतल्यावर त्यांनी झाला प्रकार औषध निरीक्षकांना स्वतः कळवला. तसे करण्याचे बंधन नाही, असे शेठजींचे म्हणणे होते. परवाना गेला, तर दुकान बंद आणि तायडे घरी, हेही त्यांनी सांगून पाहिले. निरीक्षक आले, मोर्शीची उरलेली बाटली त्यांनी ताब्यात घेतली, जबाब नोंदवला. लेखी ताकीद मिळाली आणि प्रवासात औषध सुरक्षित राहते हे दाखवून दिल्याखेरीज थंडाव्याची औषधे बाहेरगावी पाठवू नयेत, अशी अट आली. स्वतःच्या हाताने स्वतःचा पंचनामा लिवनारा मानूस मी पयला पाह्यला, असे शेठजी पुढे कित्येक महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

अट पूर्ण करायला वसंतरावांना तो सगळा पावसाळा लागला. मीठ बंद झाले. खोक्याला वरच्या बाजूने दोराची मूठ आली, जेणेकरून तो आडवा धरताच येऊ नये. लेबल मराठीत आले, कारण इंग्रजी लेबल कंडक्टर वाचत नसत: थंड ठेवा, गोठू देऊ नका, उभा ठेवा. पण रस्त्यात आत काय घडले, हे घेणाऱ्याला कळावे कसे? थर्मामीटर पोचतेवेळची थंडी सांगतो, वाटेतली सांगत नाही. शेवटी त्यांनी औषधाशेजारी दोन लहान बाटल्या ठेवायला सुरुवात केली. एक पातळ काचेची, काठोकाठ पाणी भरून बूच लाखेने बंद केलेली. पाणी गोठले की ती तडकते आणि पुढे पाणी पातळ झाले, तरी तडा राहतो. दुसरीत थिजवलेले खोबरेल आणि त्यावर ज्वारीचा एक दाणा. वाटेत उष्णता वाढली, तर तेल वितळते आणि दाणा तळाशी जातो. तेल पुन्हा थिजले, तरी दाणा वर येत नाही. औषधाच्या दुकानात आता ज्वारीचे पोते ठेवा लागन, असे शेठजी म्हणाले. निरीक्षकांनी मात्र चार खोके अकोला ते अमरावती आणि परत, स्वतःच्या समोर पाठवून पाहिले आणि मान्यता दिली. पुढे नांदगाव खंडेश्वरच्या दवाखान्यात जाणारी लसही याच रीतीने जाऊ लागली.

गुरुजी त्या काळात अकोल्याचा खोका घेत नव्हते. रजा काढून ते इन्सुलिनसाठी नागपूरला जात. दिवाळीनंतर एक दिवस ते काही न कळवता दुकानात आले आणि बाकावर बसले. वसंतरावांनी त्यांच्यासमोर खोका बांधला. रुई पिंजली, बर्फ भरला, दाणा ठेवला. गुरुजींनी पाहून घेतले आणि विचारले, "दाना बुडाला तं?"

"तं टोचू नका. मी येतो."

त्यानंतरच्या वर्षांत दाणा दोनदा बुडाला. एकदा वाटेत गाडी बिघडली होती, एकदा पूर आला होता. दोन्ही वेळा वसंतराव दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन मोर्शीला गेले. शेजारच्यांनी याबद्दल त्यांना कधी विचारले, तर ते संत्री खायला गेलो होतो म्हणून सांगत. दुसऱ्या खेपेला गुरुजींच्या घरी त्यांना जेवायला बसवले होते, हे शकुंतलेने सांगितले. जेवताना गुरुजी त्यांना वसंता म्हणाले होते.

शकुंतला आता अमरावतीत कॉलेजात आहे. इंजेक्शन ती स्वतः टोचून घेते आणि खोका घ्यायला स्टँडवर स्वतः येते. वसंतरावांच्या मृत्यूनंतर पहिला खोका या महिन्यात आला. दुकानात नवे फार्मासिस्ट रुजू झाले आहेत. औषध त्यांनी भरले आणि सही त्यांची होती. बाटल्या आणि रुई शेठजींनी लावली, असे गुलाबरावांनी खोका देताना सांगितले. दाणा शेठजींना दोनदा उचलून पुन्हा ठेवावा लागला, असेही ते म्हणाले.

शकुंतलेने स्टँडवरच्या बाकावर खोका ठेवून दोर सोडला. पाण्याची बाटली उजेडात धरून सगळीकडून पाहिली. तीत तडा नव्हता. मग तिने दुसरी बाटली काढली.

दाणा तेलावर होता.