साडूंच्या पोराची हळद

सन एकोणीसशे बावन्न. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. माझे साडू माझ्याहून बरेच मोठे, आणि गाण्यापायी इतका वेडा माणूस पनवेलपासून उरणपर्यंत दुसरा झाला नाही. मी दोनच बुके शिकलो आहे, पण हे मी सांगतो. ज्याला पटत नसेल त्याने माझ्या दारात येऊन वाद घालावा.

वेड एकाच बाईच्या गाण्याचे. आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणते तेव्हाच हळद लागते. इतर बायका ऐकलेले धवले म्हणत. करंजाड्याची म्हातारी मात्र स्वतः जुळवून म्हणायची. ती गाणार त्या लग्नाला साडू आमंत्रण नसताना हजर. नवरीकडच्यांना वाटे हे नवऱ्याकडचे, नवऱ्याकडच्यांना वाटे नवरीकडचे. साडू दोन्हीकडचा विडा खात, मांडवाच्या मेढीला टेकून, डोळे मिटून बसत. एकदा दोन्ही व्याही मानपानावरून हातघाईवर आले. साडूंनी डोळे न उघडताच हात वर केला, "गप ऱ्हावा दोगं बी, बाई गातेय." दोघेही गप्प. वडीलधारे माणूस म्हणून जाताना साडूंना टोपी-उपरणे मिळाले. तेही त्यांनी घेतले. बाजारातल्या हॉटेलात ग्रामोफोन आला, तेव्हा मी त्यांना हौसेने घेऊन गेलो. एक रेकॉर्ड ऐकून म्हणाले, "डब्यातली बाई ही. तिला ना घाम, ना तहान. तिचा काय ऐकायचा?" मिठागरात मीठ ओढताना ते हेच धवले म्हणत, बरोबरचे गडी लांबच्या वाफ्यातले काम मागून घेत.

मग त्यांच्या एकुलत्या एका पोराचे लग्न ठरले. म्हातारी आपल्या दारात गाईल, या एका हळदीची साडूंनी जन्मभर वाट पाहिली होती. पण त्यांची थोरली बहीण म्हणजे गावची धवलारीण, आणि भाच्याच्या हळदीचा मान आत्याचा. ती म्हणाली, "आन तिला. मी मांडवात पाय नाय ठेवनार." आईच्या मागे साडूंना तिनेच वाढवलेले. आता बोलणार काय?

साडू मला घेऊन करंजाड्याला गेले. म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. सगळे ऐकून म्हणाली, "बयीन जिती असताना मी कशी येऊ रं? माजी बी लाज जाईल." साडू उठेनात. तिला दया आली. पोराचे नाव विचारून घेतले आणि तांदूळ निवडता निवडता त्या नावाचा नवाकोरा धवला जुळवला. "बयनीला दे," म्हणाली.

साडूंनी तो वाटभर घोकला. दुसरीचा धवला बहीण तोंडात घेणार नाही, म्हणून घरी येऊन तिला सांगितले, "बाय, ह्यो आपल्या आयचा हाय. मना आता आठवला."

बहिणीने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "आय मेली तवा तुजा लगीन बी झाला नवता. पोराचा नाव तिला कुनी सांगितला?"

साडूंनी माझ्याकडे पाहिले. मी आढ्याकडे. बहीण उठून पाणी भरायला गेली.

हळदीच्या दिवशी ती मांडवात येते की नाही, इथपासून साडूंना धास्ती. ती आली. बसली. पोराला पहिली हळद लावली आणि तोच धवला म्हटला, पोराच्या नावासकट. साडू डोळे मिटायचे विसरले. बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्यातले आज कोणी उरले नाही. साडूही नाहीत. पण दुसऱ्या दिवशीची सकाळ मला अजून दिसते. नवरीच्या गावाला वऱ्हाड निघायचे, गाड्या जुंपलेल्या. बहिणीने आपल्याला मिळालेले मानाचे लुगडे घडीसकट साडूंच्या हातात ठेवले. "जिचा गाना, तिला नेऊन दे. आन सांग, मदला कडवा माज्या गल्याला चढला नाय, म्हनून खाली घेतला."

वऱ्हाड एकीकडे, करंजाडे दुसरीकडे. मी ओरडलो, "अवो, नवऱ्याचा बाप तुमी." साडूंनी मागे पाहिले नाही. लुगडे काखेत धरून, अंगावरच्या हळदीसकट, ते खाजणाच्या बांधावरून करंजाड्याकडे चालू लागले.