मोहाखालची हाक

मोहाचा वास सुटला की मी पुरती जागी होतच नाही. पहाटे डोळे उघडतात, पाय चालतात, टोपली काखेत असते, आणि मी मात्र कुठंतरी मागंच राहिलेली असते. गोळ्यांचा परिणाम आहे, असं डॉक्टर म्हणतात. मी म्हणते, अर्धा गोळ्यांचा, अर्धा मोहाचा. आमच्या धानोऱ्याकडं चैत्रात हवाच अशी, की शहाण्या माणसालाही झिंग यावी. मग माझं काय विचारता!

मी शहाणी नव्हते हे गावाला ठाऊक होतं. पोरगी चंद्रपूरच्या हॉस्टेलात शिकायला गेली, आणि त्याच हिवाळ्यात तिचा आवाज घरात यायला लागला. "आई, ये." एवढंच. कधी घरामागच्या सांदवाडीतून, कधी धानाच्या पोत्यांमागून. मला भीती वाटत असेल, असं लोकांना वाटतं. छे! मला तो आवडायचा. इतका लाडाचा आवाज, की हातातलं काम गळून पडायचं. त्याच्यामागं जाता जाता एके दुपारी मी गावच्या तलावात गळ्यापर्यंत उभी होते. चहूकडं कमळाची पानं, पाणी कोमट, आणि पोरगी पलीकडून बोलावते आहे. जाळं टाकणाऱ्या एका ढिवरिणीनं मला ओढून काढलं, तर मी तिच्या दंडाला चावले. अजून भेटली की दंड दाखवते आणि हसते.

आधी पुजाऱ्याकडं कोंबडं गेलं, मग गडचिरोलीच्या डॉक्टरांकडं मी गेले. त्यांनी सांगितलं, हा आजार आहे, तुमची चूक नाही, गोळी सोडू नका. आणि आवाज आला की जवळच्या माणसाला विचारा, तुम्हालाही आला का? वा रे वा! विचारायचं म्हणजे मी अजून बरी नाही, अशी दवंडीच की.

गोळ्यांनी आवाज बारीक झाला, भिंतीपलीकडून आल्यासारखा. गेला नाही. घरी मात्र मी गेला म्हणून सांगितलं, कारण मला मोहा वेचायला जायचं होतं. माझ्या थोरल्या जावेनं आधीच जाहीर केलं होतं, "हिले जंगलात नेऊ नोका. कुठी चालली जाईन, सापडणार नाई." सारं घर टोपल्या घेऊन जायचं आणि मी अंगणात बसून वाळत्या फुलांवरून बकऱ्या हाकलायची. मला भयंकर राग यायचा. बकऱ्यांनाही शिव्या मिळायच्या, जावेलाही.

जंगलच हवं, याला एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडं जंगलात कुणी कुणाला नावानं किंवा नात्यानं हाक मारत नाही. तिथं जे काही राहतं त्याला आपलं नाव कळतं, असं जुनी माणसं सांगतात. बाया नुसत्या "ऊऽऽ" करतात, दुसरीनं "ऊऽऽ" करायचं. म्हणजे जंगलात "आई" अशी हाक आली, तर ती खोटी. साऱ्या जगात मला खरं-खोटं कळेल अशी तेवढीच एक जागा होती.

त्या वर्षी पोरगी सुट्टीला आली आणि जाऊ नरमली. "पोट्टी संगं हाय त चाल."

आम्ही घरच्या-शेजारच्या बाया पोचलो तेव्हा उजेड नुकता फुटत होता. झाडाखाली फुलंच फुलं, वरून आणखी टपटप पडताहेत. पोरगी आमच्या दुसऱ्या झाडाकडं गेली, उताराच्या आड. मी वाकून वेचत होते, बोटं चिकट झाली होती, अंगातून एक गोड गुंगी फिरत होती. किती दिवसांनी मी सुखात होते.

"आई, ये."

आला का, म्हटलं. बोल बाप्पा, बोल. इथं तुझं काही चालायचं नाही. मान वर केली नाही.

"आई, ये ना!"

या वेळी आवाज कापत होता. माझा तो आवाज कधी कापत नाही, तो नेहमी हसरा असतो. माझा हात थांबला. जाऊ शेजारी खाली मान घालून वेचतच होती. तिला विचारलं, तर खोटेपणा उघडा पडणार, हे जंगल बंद होणार, आणि आपली आई बरी झाली म्हणून आनंदात असलेल्या पोरीला सगळं कळणार. आणि नाही विचारलं, आणि ती खरीच असली तर?

"बाई," मी म्हटलं, "तुमाले आवाज आला का?"

जावेनं माझ्याकडं पाहिलं. त्या एका पाहण्यात तिला सगळं समजलं.

"आला ना! कवाची बोंबलून राह्यली ते. मले वाटलं तू देशीन ओ."

आम्ही धावलो. साऱ्या बाया "ऊऽऽ" करत, टोपल्या बडवत उताराखाली गेलो. झाडाखाली एक अस्वल निवांत मोहफुलं खात होतं आणि पोरगी पलीकडं खोडाला पाठ लावून उभी. एवढ्या बाया पाहून अस्वल गुरगुरलं, आणि तोंडातला घास चघळत झुडपात निघून गेलं.

"आई आई काय करतं वं?" जाऊ तिच्यावर खेकसली. "जंगलात असे हाका मारतेत का? हॉस्टेलात सारं इसरली का?"

पोरगी तिच्याकडं पाहतच नव्हती. "आई, तुले आयकू येऊन नाई राह्यलं होतं का?"

"येऊन राह्यलं होतं," मी म्हटलं. "खरं नाई वाटलं."

घराजवळ आल्यावर जाऊ म्हणाली, "उद्या माह्या बाजूलेच येचजो. वाटलं त इचारजो." मला तिथंच रडू कोसळलं.

दुपारी मी अंगणात फुलं पसरत होते. पोरगी समोरच्या ओट्यावर बसली होती.

"अजून येते हाक?"

"येते."

"माह्याच आवाजात?"

"तुह्याच."

"काय म्हणते?"

"आई, ये म्हणते."

आता ही रडणार, असं मला वाटलं, आणि तिचं रडणं मला सोसत नाही म्हणून मी आधीच चिडून बसले.

"मंग आजपासून मी तुले ये म्हणणारच नाई," ती म्हणाली. "कवाच नाई. घर पेटलं तरी नाई. तू पायजे असली त मीच येईन."

आणि उठून ती सरळ वाळवणावरून माझ्याकडं यायला लागली.

"फुलं तुडवू नोको वं पोट्टे!" मी ओरडले.

तिनं ऐकलं नाही. आली आणि हात धरला.