नववीच्या वर्गातली क्षमावाणी

निपाणीच्या आमच्या मराठी शाळेत श्रीपाल चौगुले एकतीस वर्षं इंग्रजी शिकवताहेत. मीही निवृत्त होईपर्यंत तिथंच मराठी शिकवत होतो. सर शांत माणूस; छडी कधी हातात घेतली नाही. पण लाल पेन हातात आलं की कुणाची गय नाही. इंग्रजीत 'माझ्यापेक्षा' म्हणताना पोरं हटकून 'दॅन मी' लिहीत, आणि सर ते खोडून वर 'दॅन आय' लिहीत.

यंदा जुलैत नववीतल्या मनिषानं बहिणीवर निबंध लिहिला. तिची आई आणि थोरली बहीण घरीच विड्या वळतात. तिनं लिहिलं, 'माय सिस्टर रोल्स बिडीज फास्टर दॅन मी.' सरांनी खोडलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं. त्यांनी वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "दोरा सैल राहिला की विडी सुटते, तसं झालंय तुझं वाक्य, मनिषा." वर्ग खदखदून हसला.

त्या दिवसापासून तिचा हात वर येईना. चिकोडीच्या इंग्रजी भाषण स्पर्धेला तिची निवड झाली होती. "मला न्हाय जमायचं," म्हणून तिनं यादीतलं नाव काढायला लावलं.

पुढं बेळगावला शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक मॅडम म्हणाल्या, चांगल्या इंग्रजीत 'दॅन मी'सुद्धा चालतं, मुलांचं खोडू नका. सर पाव तास भांडले. मॅडमनी जाडजूड व्याकरणाचं पुस्तक उघडून समोर ठेवलं. सरांनी ते वाचलं आणि वहीत उतरून घेतलं.

दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. जैन मंडळी त्या दिवशी एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात. वर्षभरातल्या चुकांची माफी. सर सकाळपासून नातेवाइकांची घरं फिरून आले, फोनवरूनही पन्नासेक जणांची क्षमा मागून झाली. संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी त्रिशलावहिनी चहा देता देता म्हणाल्या, "अवो, साऱ्या गावाला हात जोडून आलासा. त्यातल्या कुणाचं काय वाकडं केलंतासा? जिचं केलंय, तिच्या दारात कवा जाणार?"

सरांनी कप तसाच ठेवला. "चला," मला म्हणाले. एकट्यानं जायचा धीर नव्हता.

मनिषाची आई दुर्गाबाई दारातच विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. सरांना बघून तंबाखूचे हात पदराला पुसत उठली. मनिषा आतून बाहेर आली, तसे सरांनी तिच्यापुढं हात जोडले. "उत्तम क्षमा. तुझं वाक्य बरोबर होतं. चूक माझी."

"अगं बाई! सर, हात जोडू नगासा, आमाला पाप लागंल," दुर्गाबाई कळवळली. "मनू, पाया पड सरांच्या!"

मनिषा जागची हलली नाही. खाली बघत म्हणाली, "हितं कोण हसलं न्हवतं, सर. हसलं ते वर्गात."

"गप गं!" आई ओरडली. सर मात्र मान हलवून म्हणाले, "व्हय. खरं हाय तुझं."

दुसऱ्या दिवशीचं सरांनीच मला सांगितलं. हजेरी झाली. सरांनी पुस्तक मिटलं आणि नववीच्या बेचाळीस पोरांसमोर हात जोडले. वाक्य कुणाचं, चूक कुणाची, आणि विडीवरून बोललो ते किती हलकं होतं, सगळं सांगितलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"ए, गप बस की रं!" मनिषाच वळून म्हणाली. "सर बोलाय लागल्यात न्हवं?"

तास सुटल्यावर ती टेबलापाशी आली. "सर, चिकोडीच्या यादीत अजून नाव घालता येतंय काय?"

"घालतो. भाषण लिहून आण, मी तपासतो."

"तपासा की," ती म्हणाली. "पर खोडायच्या आधी मला इचारा."

सरांनी त्या दिवशी लाल पेन बाजूला ठेवून तिचं नाव निळ्या शाईनं यादीत लिहिलं.